शेड सत्तेचाळीसचा नमुना

मी कचेरीच्या दारात, लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितो. कोणती कचेरी ते सांगणार नाही. मला अजून तिच्याच दारात पोट भरायचं आहे. माझा अर्ज घेऊन आत गेलेला माणूस रिकाम्या हाताने कधी परत येत नाही. दुसरा अर्ज आणा, असं सांगूनच त्याला बाहेर पाठवतात. म्हणून माझा धंदा बरा चालतो.

तेवीस वर्षांत सगळ्यात जास्त अर्ज माझ्याकडून कुणी लिहून घेतले असतील तर ते कोंडामावशीने. मागणी एकच, टेबल एकच, फक्त वरची तारीख बदलायची. कोंडाबाई रामकिशन एडके, सातवी पास, अंगणवाडीची मदतनीस. आणि राहणार? इथंच घोडं पेंड खातं. राहणार शेड नंबर सत्तेचाळीस, संक्रमण शिबिर क्रमांक दोन. मी पण तिथलाच, शेड बावीसचा.

सतरा वर्षांपूर्वी गोदावरीला पूर आला आणि नदीकाठची आमची वस्ती गेली. आम्हाला ट्रकात घालून नांदेडच्या बाहेर, लातूर रोडला आणून टाकलं. पत्र्याचे चौसष्ट शेड. साहेब म्हणाले, सहा महिने कळ काढा, मग प्लॉट देतो, पक्की घरं बांधा. शिबिराच्या तोंडाशी पिवळा बोर्ड लावला, ‘संक्रमण शिबिर क्र. २’. क्रमांक एक कुठे आहे ते आजपर्यंत कुणाला सापडलं नाही.

आता हा संक्रमण शब्द बघा. साहेबी मराठीत संक्रमण म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं. आम्ही कुठंच गेलो नाही, ते सोडा. पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ आहे, रोग पसरणं. कोरोनात हा दुसरा अर्थ पोराटोरांनाही पाठ झाला. तेव्हा शिबिरात एकही रुग्ण नव्हता, तरी एक हवालदार मोटारसायकलवरून उतरला, बोर्ड वाचला आणि आमच्या रस्त्याला बांबू बांधून गेला. मी विचारलं, साहेब, कामून? तर म्हणाला, “वर लिहिलंय ना ढळढळीत!” त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. त्या शब्दाने आमचं केवढं वाटोळं केलंय ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

कोंडामावशीला प्लॉट पाहिजे होता तो हौसेसाठी नाही. रामकिशनदादा शिबिरातच वारले. एकुलता एक मुलगा विनोद, त्याची बायको आणि आठ महिन्यांची नात, बुद्धप्रिया. कोरोना सरल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात शिबिरातली लेकरं खोकायला लागली. पत्रा उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो आणि थंडीत त्यातून पाणी ठिबकतं. बुद्धप्रियाचं पोट उडायला लागलं, बरगड्या आत ओढायला लागल्या. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. डॉक्टरांनी कागदावर ‘श्वसनाचा विकार’ एवढंच लिहिलं. महिन्याभरात विनोद बायकोला घेऊन हैदराबादेला निघाला. सून दारात थांबून म्हणाली, “आत्याबाई, तुम्ही चला आमच्यासंगं. नसता पक्कं घर झालं तर सांगा, मी येते. पण ह्या पत्र्यात मी पुन्हा लेकरू घेऊन यायची न्हाई.”

मावशी गेली नाही. तिच्या डोक्यात एकच बसलं, प्लॉट मिळाला की सून येणार. त्यानंतरचा प्रत्येक अर्ज तिने त्यासाठी लिहून घेतला.

दुसऱ्या वर्षी दिवाळी सरली आणि शिबिरात एक पांढरी गाडी आली. गाडीतून डॉक्टर मालविका मॅडम उतरल्या. पुण्याकडच्या कुठल्याशा संस्थेच्या. लहान लेकरांच्या छातीत शिरणारा एक विषाणू असतो, त्याच्या जाती शोधायला आल्या होत्या. दर हिवाळ्याला साथ येते ती त्याच जातीची असते की नव्या, आणि दाटीवाटीच्या वस्तीत तो कसा बदलत जातो, हे त्यांना बघायचं होतं. आमचंच शिबिर कसं निवडलं, असं मी विचारलं. मॅडम सरळ बाई. म्हणाल्या, “आरोग्य खात्याच्या यादीत ‘संक्रमण’ या सदराखाली तुमचं एकच ठिकाण होतं.” मी कपाळावर हात मारून घेतला.

मॅडमना वस्तीतली कुणीतरी बाई हवी होती. लेकरं जिच्या मांडीवर रडत नाहीत अशी एकच, कोंडामावशी. लेकराचं डोकं छातीशी धरायचं, नाकात कापसाची काडी फिरवू द्यायची, काडी कुपीत, कुपी बर्फाच्या पेटीत. लेकरूच असं नाही, खोकणारं म्हातारं माणूसही चालायचं. मॅडमनी दोन नियम सांगितले. कुपीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. आणि जो कामावर आहे त्याचा स्वतःचा नमुना घ्यायचा नाही.

पहिल्या नियमावरून पहिल्याच दिवशी वाजलं.

“नंबर म्हशीच्या कानाला असतोय, मॅडम. लेकराला न्हाई.”

“मावशी, नाव गुप्त ठेवावं लागतं. लोकांच्याच भल्यासाठी.”

“गुप्त? इथं पत्र्याच्या पल्याड कोण घोरून राहिलं ते सगळ्यांला ठावं हाय. अन् पुन्हा त्या लेकराकडं जायचं तर कोणत्या शेडात जाऊ मी?”

शेवटी कुपीवर नंबर गेला आणि मावशीने अंगणवाडीतली एक जुनी वही घेतली. डाव्या बाजूला नंबर, उजव्या बाजूला तिची भाषा. ‘बावीस – चांगुणाचा नातू, टकल्या, शेड एकतीस.’ ‘पस्तीस – शेड नऊची म्हातारी, काडी चावती.’ पुढे तारीख. तीन हिवाळे तिने ती वही भरली. मॅडमना वही दिसत होती, पण त्यांनीही डोळेझाक केली, कारण त्या वहीशिवाय त्यांना एक लेकरू दुसऱ्यांदा सापडलं नसतं. मावशीला स्वतःलाही दर थंडीत खोकला व्हायचा. पण ती कामावर होती. नियम म्हणजे नियम!

तिसरा हिवाळा सरला तेव्हा मॅडमनी अंगणवाडीच्या भिंतीवर पांढरी चादर लावून निकाल दाखवला. अख्खं शिबिर जमलं. चादरीवर एक झाड होतं, फांद्याच फांद्या आणि टोकाला रंगीत ठिपके. मॅडम म्हणाल्या, विषाणू स्वतःची नक्कल करतो. नक्कल करताना त्याचं एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या नकलेत तशीच उतरते. त्या चुका जुळवल्या की कोण कुणाच्या वंशातला ते कळतं. मला हे लगेच समजलं. आमच्या कचेरीतही असंच चालतं.

आम्ही त्या झाडाकडे बघत राहिलो. आमच्यातल्या कुणाला पणजोबाच्या पुढचं नाव माहीत नाही, दाखला काढायचा तर शाळेचा एक उतारा मिळत नाही, आणि ह्या पठ्ठ्याची वंशावळ शेपटापर्यंत तयार! कुठे जन्मला, कुठून आला, कोणत्या महिन्यात कोणत्या घरी मुक्काम, सगळं पुराव्यानिशी. जातीचा दाखला मागितला असता तर त्याला तासाभरात मिळाला असता.

तेवढ्यात चांगुणा उभी राहिली. ती आमच्या शिबिराची आकाशवाणी.

“मॅडम, कुणाकडून कुणाकडं गेला ते बी दिसतंय का ह्यात?”

“साधारण दिसतं. हा एकवीस नंबर बघा, याच्याकडून बावीसकडे गेला असणार.”

मॅडमना वाटत होतं नंबर म्हणजे कुलूप. पण बायांना आपापल्या लेकराचा नंबर गाडीच्या नंबरासारखा पाठ होता. बावीस म्हणजे चांगुणाचा नातू. एकवीस म्हणजे तिच्या जावेची नात. दोघींचं चार वर्षांपासून बोलणं बंद. “बघा, बघा! मी म्हणलं नव्हतं हिच्याच घरचं हाय म्हणून? आता तर पिच्चरमधी दिसून राहिलं!” असा गलका झाला की मॅडमनी घाईघाईने मशीन बंद केलं. नंतर मावशीनेच दोघींना दरडावून खाली बसवलं.

शांत झाल्यावर मॅडम म्हणाल्या, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की हा विषाणू शिबिरात वर्षभर राहत नाही. पहिल्या हिवाळ्यात एक जात होती, दुसऱ्यात दोन वेगळ्याच, तिसऱ्यात पुन्हा नवीच. दर वर्षी तो बाहेरून नव्याने येतो आणि साथ सरली की संपतो.

मावशी मागून म्हणाली, “म्हंजे मॅडम, ह्या शिबिरात तात्पुरता राहणारा एकटा तोच म्हणायचा.”

लोक हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतलं.

काम संपल्याचा कागद आरोग्य खात्यात सही करून आणायचा होता. मॅडमनी तो मावशीकडे दिला. कुठल्या दारातून शिरायचं ते मला माहीत, म्हणून मी बरोबर गेलो. तिथल्या कारकुनाने कपाटातून फाईल ओढली. ही जाड, दोरीने बांधलेली, वर ‘संक्रमण – शिबिर क्र. २’. तो सही आणायला आत गेला आणि मला काही राहवेना. अर्जनवीस माणूस, कागद दिसला की वाचणारच. मी फाईल तळापासून उघडली.

तळाला आमचाच प्रस्ताव होता. बारा वर्षांपूर्वीचा. ‘संक्रमण शिबिर निर्मूलन : रहिवाशांना कायमस्वरूपी भूखंड देणेबाबत.’ म्हणजे शिबिर मोडा आणि लोकांना प्लॉट द्या. त्यावरच्या पत्रात विषय झाला ‘संक्रमण शिबिर निर्मूलनाबाबत’. त्याच्याही वरच्या पत्रात नक्कल करणाऱ्याने शिबिर खाल्लं, उरलं ‘संक्रमण निर्मूलनाबाबत’. शेजारी लाल शाईत शेरा, ‘विषय आरोग्याचा. त्यांच्याकडे वर्ग करावा.’ आणि आरोग्याचं उत्तर, ‘सदर ठिकाणी फवारणी केली आहे. संक्रमण आटोक्यात आहे. सबब प्रस्ताव निकाली काढण्यास हरकत नाही.’

मी मावशीला वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

“म्हंजे आपण घर मागून राहिलो, अन् हे बारा वर्षं आपल्याला पावडर मारून राहिले?”

“हाव, मावशी.”

ती आधी हसली. मग तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. “पाच वर्षं आधी जरी हा कागद कुणी नीट वाचला असता ना नागसेन,” एवढंच म्हणाली. पुढचं तिने सांगितलं नाही, पण मला कळलं. पक्की भिंत असती तर नात असती, असं तिला म्हणायचं होतं. मला त्या नक्कल करणाऱ्याचा इतका राग आला की तो समोर असता तर मी त्याचे हात बांधले असते.

फाईलची झेरॉक्स घेऊन आम्ही आमच्या कचेरीत, अनंतरावांच्या टेबलाशी गेलो. अनंतराव सभ्य माणूस. सगळ्यांना बसा म्हणतात, पाणी पाजतात. कुणाला नाही म्हणत नाहीत आणि हो तर मुळीच म्हणत नाहीत. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला.

“चूक झालेली दिसते. प्रस्ताव पुन्हा उघडता येईल, कोंडाबाई. पण नियमाप्रमाणे मागची सलग तीन वर्षं तिथे राहिल्याचा पुरावा लागेल. प्रत्येक शेडचा.”

पुरावा कुठला आणायचा? आधारवर, रेशनकार्डावर नदीकाठचा पत्ता. त्या पत्त्यावर गेलं तर गोदावरी भेटते. लाइटचं मीटर चौसष्ट शेडांना मिळून एक. मी म्हटलं, आम्ही एकमेकांची साक्ष देतो. अनंतराव म्हणाले, “लाभार्थ्याची साक्ष लाभार्थ्याला चालत नाही हो.”

तेव्हा मावशीने पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली.

“तीन हिवाळे. शेडनिहाय. कोण कोणत्या तारखेला खोकलं ते सगळं हाय ह्यात. अन् संस्थेकडं त्या तारखेच्या कुप्या हायेत.”

मॅडमना कळल्यावर त्या घाबरल्या. नावं फोडायची नाहीत असा त्यांचा नियम. मावशीने त्यांना सांगितलं, नाव लेकराचं, लेकरू आईचं, आईनं हो म्हणलं तर तुमचं काय जातंय? दोन दिवसांत सगळ्या शेडांतल्या सह्या आणि अंगठे गोळा झाले. मॅडमनी संस्थेच्या शिक्क्यानिशी पत्र दिलं, अमुक नंबरचे नमुने अमुक तारखांना अमुक शेडमध्ये घेतले आणि त्यांत विषाणू आढळला. सोबत ते झाड रंगीत छापून. अनंतरावांनी झाड उलटसुलट बघितलं. शिक्का बघितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. सतरा वर्षं माणसं उन्हात उभी राहिली तेव्हा ती तिथे राहतात हे पटलं नाही. त्यांच्या नाकात विषाणू राहत होता हे सिद्ध झाल्यावर लगेच पटलं.

पावसाळ्याआधी यादी लागली. चौसष्टपैकी दोन शेडांना कधीचीच कुलपं होती. एकसष्ट पास झाले. चांगुणा पास, तिची जाऊ पास. माझं नाव माझ्या म्हाताऱ्या आईच्या खोकल्यामुळे लागलं. ती खोकायची तेव्हा मी करवादायचो, आता तिच्या पाया पडलो. शिबिरात ढोल वाजला.

एक शेड राहिलं. सत्तेचाळीस.

“तुमच्या शेडचा एकही नमुना नाही, कोंडाबाई. विषाणू सापडलेला एक जरी असता तरी बघता आलं असतं,” अनंतराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं.

“मी कामावर होते साहेब. कामावरच्याचा घेत न्हाईत.”

मी मानधनाच्या पावत्या पुढे केल्या. ते म्हणाले, त्यावरून काम केल्याचं दिसतं, राहिल्याचं नाही. मग मावशीने वहीचं पहिलं पान उघडलं. ते मीही कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या नंबरच्याही वर, नंबर नसलेली एक ओळ होती. ‘बुद्धप्रिया विनोद एडके, आठ महिने, शेड सत्तेचाळीस. नमुना न्हाई.’

अनंतरावांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाले, “हे तीन वर्षांच्या आधीचं आहे.”

मी मावशीला बाहेर आणलं आणि सरळ सांगितलं, वहीत एक ओळ घुसव, मी लिहितो, कुणाच्या बापाला कळत नाही. ती माझ्यावर कडाडली. “ह्या वहीवर एकसष्ट घरं उभी हायेत. एक ओळ खोटी निघाली तर सगळ्यांची जातील. गप बस!” मी पेन खिशात ठेवलं.

प्लॉट मिळाले तशी माणसं गेली. पत्रे निघाले, खांब निघाले. दसऱ्यापर्यंत त्या मोकळ्या रानात एकच शेड उरलं. पिवळा बोर्ड काढायला माणसं आली, तेव्हा साहेबांनी फोनवरून सांगितलं, अजून एक शेड आहे ना, मग राहू द्या. सुनेचा फोन आला की मावशी म्हणायची, काम होत आलंय, माय. तिला खोटं बोलता येत नाही. म्हणून पुढचं काही विचारायच्या आत फोन ठेवून द्यायची.

थंडी पडली आणि मावशी खोकायला लागली. तिनेच मॅडमना फोन लावला. आता अभ्यास संपला, आता मी कामावर न्हाई, आता मपला नमुना घ्या. मॅडम बिचाऱ्या कामधाम टाकून आल्या. त्या दिवशी मीही होतो. मावशी खाटेवर ताठ बसली, नाक वर केलं. मॅडमनी काडी फिरवली, कुपी बंद केली आणि सवयीने नंबर लिहायला पेन काढला.

“नंबर न्हाई,” मावशी म्हणाली. “नाव लिहा. कोंडाबाई रामकिशन एडके. शेड सत्तेचाळीस. सगळं लिहा.”

कुपी एवढीशी, नाव त्याच्यावर मावेना. मॅडमनी दोन चिठ्ठ्या चिकटवून पुरं नाव लिहिलं. लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते.

बारा दिवसांनी शिक्क्यासह निकाल आला. तो घेऊन आम्ही अनंतरावांसमोर उभे राहिलो. त्यांनी मोठ्याने वाचला. ‘कोंडाबाई रामकिशन एडके. शेड ४७. नमुन्यात विषाणू आढळला नाही.’

त्यांनी कागद घडी करून परत दिला. “आढळला नाही, असं आलंय हो. मी कशाच्या आधारे लावून घेऊ?”

मी कागद पुन्हा उलगडून वाचायला लागलो. मावशी मात्र वळली, बाहेर आली आणि लिंबाखाली माझ्या टेबलासमोर बसली. तिने पदराने नाक पुसलं.

“नागसेन, अर्ज लिही.”

“विषय काय लिहू, मावशी?”

“लिही, विषाणू नसला तरी मी हाय.”